हात न पोहोचणाऱ्या जागी सर्वो बसवताना

रेडिओवर उडणारे छोटे विमान दुरुस्तीला आले की गिऱ्हाईक विचारते, "एवढीशी डबी बसवायची, त्याची इतकी मजुरी?" प्रश्न रास्त आहे. सर्वो म्हणजे मोटर, दातेरी चक्रे आणि सर्किट असलेली डबी. तिच्या जोरावर पंखाची व शेपटीची पाती हलतात. साधा सर्वो सुमारे ४० ग्रॅमचा, बारका ९ ग्रॅमचा. पण बसवायची जागा अशी, की दोन बोटेही आत जात नाहीत.

आमचीच चूक सांगतो. एका पंखात आम्ही सर्वो थेट लाकडाला इपॉक्सीने चिकटवला आणि वरून आवरण बंद केले. पुढे विमान जरा जोरात उतरले, चक्राचा दात तुटला. सर्वो स्वस्तातला; पण तो काढायला धडधाकट पंख कापावा लागला. ती मजुरी मागायला आम्हाला तोंड नव्हते.

तेव्हापासून आम्ही पंखाच्या खालच्या बाजूस प्लायवूडची झाकणी करतो, सर्वो तिच्यावरच बसवतो आणि झाकणी चार स्क्रूंनी आवळतो. वायर ओढण्यासाठी दोऱ्याला जड नट बांधावा, पंख उभा धरून तो फासळ्यांच्या भोकांतून खाली सोडावा व दोऱ्यामागे वायर ओढून घ्यावी. आतले जोड दोऱ्याने बांधावेत. हादऱ्याने ते सुटतात. खोल जागी स्क्रू पडू नये म्हणून पेचकसाचे टोक लोहचुंबकावर घासून घ्यावे. बाल्सा लाकूड मऊ असते. त्यात स्क्रू एकदा फिरवून काढावा, भोकात पातळ झटपट गोंदाचा थेंब सोडावा आणि तो पुरता वाळल्यावर स्क्रू पुन्हा बसवावा.

झाकणी लावण्यापूर्वी चाचणी हवीच. विजेवरचे विमान असेल तर आधी प्रोपेलर काढून ठेवावा. रेडिओ चालू करून सर्वो मध्यावर आणावा, मगच त्याचा दांडा बसवावा. पाते दोन्ही टोकांपर्यंत मोकळे फिरले पाहिजे. अडकून गुणगुणणारा सर्वो तापतो, बॅटरी खातो आणि हवेत दगा देतो. शेपटीचा सर्वो बंद पडला तर विमान हातचे जाते, खाली माणसे असली तर त्यांच्याही जिवाशी खेळ.

म्हणून भाव सांगतानाच झाकणीचे काम त्यात धरावे आणि त्याचे कारण गिऱ्हाइकाला समजावून सांगावे. आज बसवलेला सर्वो उद्या काढावा लागणारच, हे धरूनच काम करावे.