एकट्याच्या गेममधला दुसरा

मे महिन्यात नागपूरची दुपार म्हणजे घराबाहेर पडणं बंद. कूलर लावा आणि एकट्यानं खेळायचा एखादा गेम काढा. तो खेळताना सोबतच्या पात्राकडे जरा नीट बघा.

२००५ च्या 'रेझिडेंट ईव्हिल ४' मधली अ‍ॅश्ली म्हणजे डोक्याला ताप. तिचा जीव वेगळा मोजला जायचा, शत्रू तिला उचलून पळायचे आणि आपण मागे धावायचं. २०१३ च्या 'बायोशॉक इन्फिनिट'नं हे उलटं केलं. तिथे शत्रू एलिझाबेथला हातच लावत नाहीत, उलट गोळ्या संपत आल्या की तीच आपल्याकडे फेकते. त्याच वर्षीच्या 'द लास्ट ऑफ अस'मध्ये लपतछपत जाताना एली शत्रूच्या समोरून गेली तरी त्याला दिसत नाही. पटत नाही, पण तिच्या चुकीनं आपण मेलो असतो तर तिच्यावर जीव कोणी लावला असता? २०१८ च्या 'गॉड ऑफ वॉर'मध्ये अट्रेयसचा बाण एका बटणावर सुटतो, आणि मागून कोणी आलं तर तो ओरडून सांगतो.

आता आपल्याकडचं बघा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' आणला. यात राजीच्या सोबत लढणारं कोणीच नाही. भाऊ गोलूला असुरांनी पळवलंय. सोबत आहे ती दुर्गा आणि विष्णू यांच्या आवाजांची. दोघं वरून बघत तिच्याबद्दल आपसात बोलतात, तिला शस्त्रंही देतात. कीर्तन ऐकत वाढलेल्यांना ही सोबत चटकन कळते. लढाई थोडी तोकडी वाटते, पण या सोबतीसाठी खेळाच!