रोगनिदान गांवाजवळ आल्यास

सन २०२५ च्या जानेवारींत उदगीर शहरांत कावळे मरून पडूं लागले. त्यांचे नमुने प्रथम पुण्यास व तेथून भोपाळच्या उच्चसुरक्षा पशुरोग संस्थेकडे गेले, तेव्हां तो एच५एन१ जातीचा बर्ड फ्लू असल्याचें निश्चित झालें. त्याच महिन्यांत नांदेड जिल्ह्यांत किवळा (ता. लोहा) येथें कोंबड्यांतही हा रोग निघाला.

उदगिराहून भोपाळ पांचशें किलोमीटरांहून अधिक दूर आहे. नमुना प्रवासांत असतां रोग मात्र थांबत नाहीं. सन २०२१ मध्यें परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा येथें दोनच दिवसांत सुमारें ८०० कोंबड्या मेल्या. शिवाय भरपाई मिळते ती सरकारी आदेशानें नष्ट केलेल्या पक्ष्यांची. रोगानें मेलेल्यांची नाहीं. महसुली दप्तरांत आमची हयात गेली आहे, आणि पंचनामा नुकसानीच्या मागूनच चालतो हें आम्हांस ठाऊक आहे. म्हणून निकालाचा एकेक दिवस शेतकऱ्यास रोख रकमेइतका महाग पडतो.

हें अंतर कमी करण्याचे प्रयत्न आपल्याच बाजूस झाले आहेत. कोरोनाच्या सांथींत, मार्च २०२० मध्यें, पुण्याच्या मायलॅब या नव्या कंपनीच्या तपासणी-संचास मान्यता मिळाली. मे २०२१ मध्यें तिच्याच घरगुती चाचणीस. ती २५० रुपयांची चाचणी १५ मिनिटांत निकाल देई. गोव्याच्या मोल्बिओ कंपनीचें ट्रूनॅट हें यंत्र याहून निराळें. तें विजेरीवर चालतें, लहानशा चकतीवर विषाणूचें जनुकद्रव्य वाढवून ओळखतें, व सुमारें तासाभरांत उत्तर देतें. मुळांत तें क्षयरोगासाठीं पुढें आलें. यांतील एक सोय विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे: कोरोनाचा नमुना ज्या द्रवांत घालीत, त्यांत विषाणू निकामी होत असे. त्यामुळें मोठ्या प्रयोगशाळेची इमारत नसलेल्या दवाखान्यांतही तपासणी करतां आली.

तथापि पंधरा मिनिटांची चाचणी व तासाभराची चाचणी यांस एकाच तराजूंत घालूं नये. पहिली विषाणूचें प्रथिन शोधते; तें थोडें असल्यास ती चुकते. याच कारणानें, लक्षणें असतां झटपट चाचणींत कोरोना न आढळल्यास पुन्हां मोठी तपासणी करण्याचा सरकारी नियम होता. ट्रूनॅटचाही आरंभीं केवळ चाळणीसारखा उपयोग होत असे.

कोंबड्यांच्या रोगासही हीच रीत उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें. मात्र प्रत्येक रोगाची चाचणी निराळी बनवून मान्य करून घ्यावी लागते. लातूर व नांदेड येथें असें एकेक यंत्र पशुवैद्यांच्या हातीं राहिल्यास संशयित शेड पहिल्याच दिवशीं वेगळें काढतां येईल, माणसांची व खाद्याच्या गाड्यांची ये-जा थांबवितां येईल. शेवटचा निकाल मग भोपाळहून येवो. अमेरिकेंत सन २०२४ मध्यें हा विषाणू दुभत्या गाईंत शिरला व कांहीं गोठेकामगारांसही बाधला. तेव्हां ही केवळ कुक्कुटपालकांची चिंता नव्हे.

तूर्त वाचकांनीं मेलेली कोंबडी हातीं धरूं नये, चिरूं नये, ओढ्यांतही टाकूं नये. सन २००९ च्या पशुरोग कायद्यान्वयें अशा रोगाचा संशय येतांच गांवच्या अधिकाऱ्यास अथवा ग्रामपंचायतीस कळविणें मालकावर बंधनकारक आहे. खबर लेखी द्यावी, आणि तिच्या नकलेवर तारखेसह पोंच घ्यावी.