कमिट अ‍ॅक्सेस म्हणजे काय? ओपन सोर्सच्या कोडची किल्ली कोणाकडे असते?

तुमचा अँड्रॉइड फोन लिनक्स कर्नलवर चालतो. व्हिडिओ बघायला व्हीएलसी किंवा ब्राउझर म्हणून फायरफॉक्स वापरत असाल, तर तेही ओपन सोर्स. म्हणजे त्यांचा कोड कोणीही वाचू शकतं आणि त्यात बदल सुचवू शकतं. हे ऐकलं की लगेच शंका येते: "मग कोणीही त्यात व्हायरस टाकेल की!" इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मलाही हेच वाटायचं.

तसं सहसा होत नाही, कारण बदल सुचवणं सगळ्यांना खुलं असलं तरी तो मूळ कोडमध्ये टाकण्याचा अधिकार मोजक्या लोकांकडेच असतो. या अधिकारालाच कमिट अ‍ॅक्सेस म्हणतात. तो कोणाला आणि कसा दिला जातो, आणि चुकीच्या माणसाला दिला तर काय होतं, ते आज बघूया.

सुचवणं वेगळं, बदलणं वेगळं

प्रोजेक्टचा सगळा कोड जिथे ठेवतात त्याला रेपॉझिटरी म्हणतात आणि त्यात नोंदवलेला प्रत्येक बदल म्हणजे एक कमिट. समजा, एखाद्या अ‍ॅपच्या मराठी मेनूमध्ये तुम्हाला चूक दिसली. तुम्ही त्या कोडची स्वतःची प्रत काढता, तिच्यात दुरुस्ती करता आणि "हा बदल घ्या" अशी विनंती पाठवता. गिटहबवर तिला पुल रिक्वेस्ट म्हणतात. मग प्रोजेक्टमधलं कोणीतरी ती वाचतं, प्रश्न विचारतं आणि पटलं तर मर्ज करतं. मर्जचं हे बटण ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे कमिट अ‍ॅक्सेस आहे.

आपल्या गणेश मंडळासारखंच आहे हे. वर्गणी कोणीही देतं, देखावा कसा हवा ते कोणीही सांगतं, पण कपाटाची किल्ली दोघा-तिघांकडेच असते.

किल्ली मिळते कशी?

यासाठी परीक्षा नसते आणि डिग्रीही कोणी विचारत नाही. तुम्ही आधी केलेलं काम बघतात. पद्धत मात्र प्रत्येक प्रोजेक्टची वेगळी.

पायथनमध्ये नवीन कोअर डेव्हलपर घ्यायचा असेल तर आधीचे कोअर डेव्हलपर मतदान करतात. किमान दोन तृतीयांश मतं बाजूने पडावी लागतात. लिनक्समध्ये प्रत्येक भागाचा वेगळा मेंटेनर असतो. तो आपल्या भागातले बदल तपासून वर पाठवतो आणि शेवटी ते लिनस टोरवाल्ड्सकडे जातात. तो प्रत्येक ओळ वाचत बसत नाही, त्याचा विश्वास त्या मेंटेनरवर असतो. एसक्यूलाइट तर अगदी दुसऱ्या टोकाला. हा छोटा डेटाबेस अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत असतो, कोड सगळ्यांना खुला आहे, पण बाहेरच्यांचा कोड ते सहसा घेतच नाहीत.

नुसता भरपूर कोड लिहिला म्हणून किल्ली मिळत नाही. चूक दाखवली तर हा माणूस कसा वागतो? दुसऱ्यांचे बदल नीट तपासतो का? समजत नसेल तर तसं सांगतो का? माझ्या पहिल्या पुल रिक्वेस्टमध्ये जेमतेम दोन ओळी होत्या आणि त्यावर सात शेरे आले. तेव्हा राग आला होता. आज दुसऱ्यांचा कोड तपासताना कळतं, ते सातही बरोबर होते.

किल्ली चुकीच्या हातात गेली तर?

फाइल्स छोट्या करणारं एक्सझेड युटिल्स नावाचं एक साधन आहे. अनेक लिनक्स सिस्टिम्समध्ये ते असतं. वर्षानुवर्षं ते मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता, लासे कॉलिन, तोही बिनपगारी, छंद म्हणून.

२०२१ मध्ये "जिया तान" या नावाने कोणीतरी तिथे छोट्या-छोट्या दुरुस्त्या पाठवायला लागलं. काम चांगलं होतं. २०२२ मध्ये इतर काही नावांनी तक्रारी सुरू झाल्या: काम हळू चाललंय, दुसरा मेंटेनर नेमा. ही नावंही त्याच कटातली असावीत, असा आज दाट संशय आहे. हळूहळू जिया तानला कमिट अ‍ॅक्सेस मिळाला, आणि पुढे नवीन व्हर्जन प्रसिद्ध करण्याचा अधिकारही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० आणि मार्चमध्ये ५.६.१ व्हर्जन आलं. दोन्हींत चोरदरवाजा होता. काही लिनक्स सर्व्हरवर दुरून लॉगिन करण्याची जी सोय असते, तिच्यातून हल्लेखोराला आत शिरता आलं असतं.

पकडलं कसं? मायक्रोसॉफ्टमधला इंजिनिअर आंद्रेस फ्रॉइंड वेगळीच चाचणी करत होता. लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याला खटकलं. तो खोदत गेला आणि २९ मार्च २०२४ ला त्याने सगळं जाहीर केलं. तोवर ही व्हर्जन्स बहुतेक चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंतच पोहोचली होती, म्हणून मोठं संकट टळलं.

मग किल्ली द्यायचीच नाही का?

इथेच अनेक जण चुकीचा धडा घेतात. हा डाव जमला तो एकटा माणूस सगळा भार वाहत होता म्हणून. किल्ली कोणालाच दिली नाही, तर तो एकटा आणखी थकणार. त्यामुळे किल्ली द्यायची, पण टप्प्याटप्प्याने.

• आधी फक्त तक्रारी लावण्याचं काम, मग कोड टाकण्याचा अधिकार, सेटिंग्ज सगळ्यात शेवटी. गिटहबवर संस्थांना असे वेगवेगळे स्तर देता येतात.
• मुख्य शाखेत बदल टाकायला दुसऱ्या माणसाची मंजुरी सक्तीची.
• टू-फॅक्टर लॉगिन. चोरलेल्या पासवर्डवर किल्ली मिळता कामा नये.
• जे काम सोडून गेले, त्यांचे अधिकार काढून घेणं. यात अपमान काही नाही.
• नवीन व्हर्जन कोण प्रसिद्ध करतं, यावर वेगळी नजर. एक्सझेडमध्ये चोरदरवाजा सुरू करणारा तुकडा रेपॉझिटरीत नव्हताच, तो डाउनलोडसाठी बनवलेल्या फाइलमध्ये घातला होता.

तुम्ही काय करू शकता?

फोनचे अपडेट टाळू नका, कारण अशा चुका सापडल्यावर दुरुस्ती अपडेटमधूनच येते. आवडत्या ओपन सोर्स अ‍ॅपच्या पानावर "अपडेट कधी येणार?" असं दर आठवड्याला विचारू नका. समोरचा कदाचित नोकरीवरून घरी येऊन रात्री ते काम करत असेल.

त्यापेक्षा एखादी चूक नीट लिहून कळवा: कोणता फोन, कोणतं व्हर्जन, काय केल्यावर अडकलं. मराठी भाषांतर अर्धवट असेल तर चार ओळी पूर्ण करा. किल्ली मिळो न मिळो, ज्याच्याकडे ती आहे त्याचं ओझं तेवढं कमी होईल. आणि असं दोन-तीन वर्षं करत राहिलात, तर कदाचित एक दिवस तोच विचारेल, "तूही मर्ज करायला लागशील का?"