घरचा पत्ता, घरापुरता

आमच्या रामाकोन्याच्या परिसरात संत्र्याच्या बागा पुष्कळ, आणि अंबिया बहाराची फळे रंगू लागली म्हणजे जागलीची चिंताही तेवढीच. गेल्या वर्षी आम्ही घरालगतच्या बागेवर नजर ठेवणारा एक कॅमेरा बसविला. नागपुरास नोकरीस असलेल्या दादांनी त्याचा पत्ता मागितला. आम्ही यंत्रावर वाचून कळविला: १९२.१६८.१.१०. दादांनी तो आपल्या संगणकावर लिहिला, तो काय! आमची बाग न दिसता त्यांच्याच बिऱ्हाडातील प्रिंटरचे पान उघडले.

या फजितीचे मूळ पत्त्यांच्या टंचाईत आहे. इंटरनेटचा जुना पत्ता बत्तीस द्विमान अंकांचा. त्यातून ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात, अधिक नाहीत. एवढे पत्ते जगाला पुरणार नाहीत हे जाणकारांनी लवकर ओळखले. मे १९९४ मध्ये एगेवांग व फ्रान्सिस यांनी पत्तापालटाची युक्ती मांडली, आणि फेब्रुवारी १९९६ च्या नियमाने काही पत्ते केवळ खाजगी वापरासाठी राखले गेले. १९२.१६८ ने आरंभ होणारे पत्ते त्यांपैकीच. ते घरोघरी पुन्हापुन्हा वापरता येतात. मात्र उंबऱ्याबाहेर त्यांस अर्थ नाही. एवढे करूनही जागतिक साठ्यातील शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले.

पत्तापालट कसा चालतो? एखादे वसतिगृह कल्पावे. मुलगा पत्र लिहितो, तेव्हा व्यवस्थापक खोलीचा क्रमांक खोडून वसतिगृहाचा पत्ता घालतो, त्यापुढे एक नोंद-क्रमांक टाकतो आणि वहीत टिपून ठेवतो. उत्तर त्याच क्रमांकावर आले की वही पाहून योग्य खोलीत पोचते. घरातील राउटर हेच करतो. त्याच्या नोंद-क्रमांकास ‘पोर्ट’ म्हणतात. परंतु बाहेरून कोणी आपण होऊन पत्र धाडले तर? वहीत नोंद नाही, मग ते द्यावे कोणास? राउटर ते सरळ टाकून देतो. शिवाय काही वेळ पत्रव्यवहार थांबला की जुनी नोंदही पुसली जाते.

दिवाळीस दादा आले, तेव्हा त्यांनी राउटरच्या वहीत कायमची नोंद केली: अमुक पोर्टवर येईल ते कॅमेऱ्याकडे द्यावे. तरीही नागपुराहून बाग दिसेना! शोध घेता कळले की आमच्या राउटरचा बाहेरचा पत्ताही खरा नव्हता, तो १००.६४ ने सुरू होत होता. एप्रिल २०१२ मध्ये हा गट सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखला गेला. म्हणजे आमच्या वसतिगृहाबाहेर आणखी एक मोठे वसतिगृह होते, आणि त्याची वही आमच्या हाती नव्हती.

अखेर कॅमेऱ्यासोबत आलेल्या ॲपनेच काम भागले. त्यात कॅमेरा स्वतः निर्मात्याच्या सर्व्हरला आतून हाक देतो व ती नोंद जिवंत ठेवतो. दादांचा मोबाइलही तेथेच येतो. सर्व्हर कधी दोघांची गाठ घालून बाजूस होतो. ते न जमल्यास सारे चित्र त्याच्यामार्फत जाते. आमच्या अंगणाचे चित्र परक्या घरातून फिरून यावे, हे आम्हांस फारसे रुचलेले नाही. (पत्तापालटामुळे घर सुरक्षित राहते असे काहीजण मानतात, पण ते त्याचे मूळ काम नव्हे. पहारा ठेवणे हे फायरवॉलचे काम.)

खरा उपाय एकशे अठ्ठावीस अंकांच्या नव्या पत्त्यांचा. ते इतके आहेत की चौतीसपुढे सदतीस शून्ये मांडावीत. मग प्रत्येक यंत्रास स्वतःचा पत्ता देता येतो. भारतातील असंख्य मोबाइल ते आज वापरतात. आमच्या राउटरलाही तसा पत्ता मिळाला आहे. अडचण एवढीच की कॅमेरा जुन्या घडणीचा. त्यास नवे पत्ते कळत नाहीत. तोवर दादा ॲपवरूनच संत्री मोजतात, आणि आम्ही कॅमेऱ्याचा सांकेतिक शब्द अधूनमधून बदलतो.