दंतस्वच्छता-व्यावसायिकांचे निरंतर शिक्षण : तासांच्या हिशेबाकडून कामातील बदलाकडे

बीजशब्द : निरंतर व्यावसायिक शिक्षण, डेंटल हायजिनिस्ट, नोंदणी, हिरड्यांचे आरोग्य

प्रस्तावना

दातांवर साचलेले कीटण काढणे, दात स्वच्छ व गुळगुळीत करणे आणि रुग्णाला मुखस्वच्छतेचे शिक्षण देणे ही डेंटल हायजिनिस्टची प्रमुख कार्ये होत. या व्यवसायाचा पाया अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात घातला गेला. ब्रिजपोर्ट येथील दंतवैद्य डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ मध्ये आपल्या सहायक आयरिन न्यूमन यांना हे काम शिकविले आणि १९१३ मध्ये त्यासाठी शाळा सुरू केली. ब्रिटनमध्ये १९४३ साली, महायुद्धाच्या काळात, हवाई दलाने असे प्रशिक्षण आरंभिले. भारतात १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने या व्यावसायिकाची कायदेशीर व्याख्या केली.

पदविका एकदाच मिळते. ती मिळविणारी व्यक्ती मात्र पुढे तीस-पस्तीस वर्षे रुग्णांची तपासणी व उपचार करीत असते. या दीर्घ काळात तिचे ज्ञान अद्ययावत राहील याची हमी कोणी व कशी द्यावी, हा रुग्णाच्या सुरक्षिततेशी निगडित प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात ब्रिटनमधील व्यवस्थेच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला असून त्याचा भारतीय संदर्भही तपासला आहे.

ज्ञान कालबाह्य कसे होते?

हाताचे कौशल्य सरावाने वाढते. परंतु त्या कौशल्यामागील निर्णय जुने होत जातात. याची काही उदाहरणे पाहता येतील.

पहिले उदाहरण रोगनिदानाचे आहे. १९९९ च्या वर्गीकरणात दातांच्या आधारऊतींच्या विकाराचे ‘दीर्घकालीन’ आणि ‘आक्रमक’ असे प्रमुख प्रकार मानले जात. २०१७ च्या जागतिक कार्यशाळेत ठरलेले व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले नवे वर्गीकरण रोगाची तीव्रता चार अवस्थांत आणि त्याची गती तीन श्रेणींत मांडते. श्रेणी ठरविताना धूम्रपान व मधुमेह यांचाही विचार होतो. रुग्ण दिवसाला दहा वा अधिक सिगारेटी ओढत असेल, किंवा मधुमेही रुग्णाच्या रक्तातील एचबीए१सीचे प्रमाण ७ टक्के वा अधिक असेल, तर रोग वेगाने वाढण्याच्या श्रेणीत धरला जातो. २००५ साली शिक्षण पूर्ण केलेल्या व्यक्तीला हे महाविद्यालयात शिकविले जाणे शक्यच नव्हते.

दुसरे उदाहरण प्रतिजैविकांचे आहे. कीटण काढताना हिरड्यांतील जंतू रक्तात शिरू शकतात. त्यामुळे हृदयाच्या झडपांचे नानाविध दोष असलेल्या रुग्णांना उपचारापूर्वी प्रतिजैविके देण्याचा प्रघात होता. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ मध्ये ही शिफारस कृत्रिम झडप, पूर्वी झालेला हृदयाच्या अंतःस्तराचा जंतुसंसर्ग, काही जन्मजात हृदयदोष अशा सर्वाधिक धोक्याच्या रुग्णांपुरती मर्यादित केली. जुन्या माहितीवर विसंबणारी व्यक्ती अनेकांना विनाकारण औषधाकडे वळवील. धोक्याच्या रुग्णांची नवी यादी अपुरी ठाऊक असेल, तर ज्याला दंतवैद्याकडे पाठविणे अत्यावश्यक तोच रुग्ण तिच्या नजरेतून सुटेल.

तिसरे उदाहरण उपकरणांचे आहे. टायटॅनियमच्या रोपणांभोवती नैसर्गिक दातांसाठी बनविलेली पोलादी अवजारे वापरल्यास रोपणाच्या पृष्ठभागावर ओरखडे पडतात. त्याचप्रमाणे अल्ट्रासॉनिक यंत्रातून उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांचा प्रश्न २०२० च्या कोविड साथीत ऐरणीवर आला आणि रोजच्या कार्यपद्धतीचा फेरविचार करावा लागला.

ब्रिटनमधील व्यवस्था

ब्रिटनमध्ये जनरल डेंटल कौन्सिल ही नियामक संस्था आहे. दंतवैद्यांव्यतिरिक्तच्या दंतव्यावसायिकांना तिने ऑगस्ट २००८ पासून निरंतर शिक्षण सक्तीचे केले. तेव्हा पाच वर्षांत १५० तासांची अट होती. त्यांपैकी ५० तास पडताळणीयोग्य, म्हणजे प्रमाणपत्राने सिद्ध करता येण्याजोगे, असणे आवश्यक होते. उर्वरित तासांत वाचन वा तत्सम स्वाध्याय चालत असे.

१ मे २०१३ पासून तेथील हायजिनिस्टकडे दंतवैद्याच्या चिठ्ठीविना थेट जाण्याची मुभा रुग्णांना मिळाली. साहजिकच आपल्या मर्यादा ओळखून रुग्णाला योग्य ठिकाणी पाठविण्याची हायजिनिस्टची जबाबदारी वाढली.

ऑगस्ट २०१८ पासून या व्यावसायिकांना सुधारित योजना लागू झाली. पडताळणीयोग्य नसलेले तास मोजणे बंद झाले. हायजिनिस्टसाठी पाच वर्षांत ७५ पडताळणीयोग्य तास निश्चित झाले आणि सलग कोणत्याही दोन वर्षांत किमान १० तास पूर्ण करण्याचे बंधन आले. शेवटच्या वर्षी घाईघाईने प्रमाणपत्रे गोळा करण्याच्या प्रवृत्तीस त्यामुळे आळा बसतो. याहून महत्त्वाचा बदल म्हणजे वैयक्तिक विकास आराखडा. स्वतःच्या कामात उणीव कोठे आहे, तीसाठी कोणते शिक्षण घ्यावयाचे आणि त्याचा उपयोग काय होणार, हे व्यावसायिकाने आधी लिहावे लागते. अट पूर्ण न केल्यास नोंदवहीतून नाव कमी होऊ शकते.

उपस्थिती म्हणजे शिक्षण नव्हे

तास मोजणे सोपे असते, शिक्षण मोजणे अवघड. आरोग्य-व्यावसायिकांच्या सभा व कार्यशाळांचा कॉक्रेनच्या २००९ च्या पुनरावलोकनात अभ्यास झाला. अशा कार्यक्रमांनी व्यवहारात अल्पशी सुधारणा होते, तसेच केवळ व्याख्यानापेक्षा व्याख्यान व प्रत्यक्ष सहभाग यांचा मेळ अधिक परिणामकारक ठरतो, असे त्यात आढळले. डॉक्टरांच्या स्वमूल्यमापनाविषयी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनरावलोकनाचा निष्कर्षही उद्‌बोधक आहे. स्वतःच्या क्षमतेचा त्यांचा अंदाज वस्तुनिष्ठ मापनाशी अनेकदा जुळत नाही. म्हणजेच ‘मला काय शिकण्याची गरज आहे’ हा निर्णय केवळ आवडीवर सोपविल्यास, माणूस जे येते तेच पुन्हा ऐकण्याचा संभव अधिक.

यावर व्यवहार्य उपाय म्हणजे स्वतःच्या नोंदींची तपासणी. उदाहरणार्थ, हायजिनिस्टने आपल्या मागील वीस रुग्णांची कागदपत्रे काढावीत. हिरड्यांतील रक्तस्राव, धूम्रपान, मधुमेह आणि चालू औषधे यांची नोंद कितींत आहे ते पाहावे. जी नोंद वारंवार सुटलेली दिसेल, त्या विषयाचे शिक्षण घ्यावे आणि तीन महिन्यांनी पुन्हा वीस कागदपत्रे तपासावीत. या दोन तपासण्यांतील फरकातून कामात झालेला बदल दिसतो. प्रमाणपत्रातून केवळ उपस्थिती दिसते.

भारतीय संदर्भ

१९४८ च्या अधिनियमाच्या मूळ रचनेत नोंदणीचे नूतनीकरण शुल्काशी निगडित होते. शिकण्याशी त्याचा संबंध नव्हता. भारतीय दंत परिषदेने २००७ मध्ये निरंतर दंतशिक्षणाचे विनियम केले व गुणांकांची पद्धत आणली. मात्र तिचा रोख दंतवैद्यांवर होता. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोग अधिनियम मंजूर केला. त्यात जुन्या अधिनियमाची व परिषदेची जागा नव्या व्यवस्थेने घेण्याची तरतूद आहे.

या संक्रमणकाळात हायजिनिस्टच्या निरंतर शिक्षणाचा स्वतंत्र विचार होणे इष्ट ठरेल. दंतवैद्यांसाठी योजलेली व्याख्याने त्यांच्या कामाशी नेहमीच जुळतात असे नाही. दंत महाविद्यालयांतील हिरड्यांच्या विकारांच्या विभागांना प्रात्यक्षिकांवर आधारित लघुवर्ग घेता येतील. महाराष्ट्रात ते मराठीतून झाल्यास रुग्णाला समजेल अशा भाषेत सल्ला देण्याचा सरावही आपोआप घडेल.

निष्कर्ष

निरंतर शिक्षणाची सक्ती आवश्यक असली तरी ती पुरेशी नाही. ब्रिटनने तासांची संख्या निम्म्यावर आणताना नियोजन आणि पुरावा यांची अट कडक केली, यातील बोध भारतातील नियम घडविताना उपयुक्त ठरेल. आपल्या कामातील उणीव शोधणे, नेमके तेवढे शिकणे आणि त्यानंतर काम सुधारले का हे तपासणे, या तीन पायऱ्या पूर्ण झाल्या तरच त्या शिक्षणाचा लाभ खुर्चीवर बसलेल्या रुग्णापर्यंत पोहोचतो.