भस्मातून उठलेली नगरी : वॉर्सा

युरोपच्या यात्रेस निघालेला मनुष्य रोम, पॅरिस, व्हिएन्ना ही नावे प्रथम उच्चारतो. पोलंडच्या राजधानीचे स्मरण त्यास बहुधा मागाहून होते. परंतु नगर म्हणजे केवळ दगडविटा नव्हेत, याची प्रचीती ज्यास घ्यावयाची असेल त्याने व्हिस्तुला नदीच्या काठची वॉर्सा नगरी अवश्य पाहावी.

जुन्या नगराच्या प्रवेशापाशीच तांबूस भिंतींचा राजवाडा दृष्टीस पडतो. समोर राजा तिसरा सिगिस्मंड याचा १६४४ साली उभारलेला स्तंभ आहे. तेथून फरसबंद, अरुंद गल्ल्या बाजारचौकात नेतात. चौकाच्या चारी बाजूंस रंगीत घरे एकमेकांस खेटून उभी आहेत. ही शतकांची पुराणी शोभा पाहून प्रवासी तृप्त होतो. आणि तिचा बहुतेक भाग १९४५ नंतर बांधलेला आहे, हे कळताच स्तब्ध होतो.

१ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्सावासी जर्मन सत्तेविरुद्ध उठले. ६३ दिवसांनी तो उठाव चिरडला गेला, आणि मग शत्रूने घरे जाळून व सुरुंग लावून नगरी पद्धतशीरपणे जमीनदोस्त केली. जुन्या नगराचा शेकडा ८५ हून अधिक भाग नष्ट झाला.

मग हे पुन्हा उभे राहिले कशाच्या आधारे? अठराव्या शतकात बेर्नार्दो बेलोत्तो या इटालियन चित्रकाराने येथील रस्ते व प्रासाद बारकाईने रंगविले होते. ती चित्रे कामी आली. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपल्या शिक्षकांच्या देखरेखीखाली जुन्या इमारतींची मोजमापे घेऊन आराखडे काढले होते. युद्धकाळात ते पियोत्रकूफ गावच्या मठात दडवून ठेवण्यात आले. त्यांच्या साह्याने, ढिगाऱ्यातील विटाही वापरून, १९५३ साली बाजारचौक पुन्हा उभा राहिला. राजवाड्याचे काम १९७१ मध्ये हाती घेऊन १९८४ मध्ये पुरे झाले. तत्पूर्वीच, १९८० साली, युनेस्कोने जुन्या नगरास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. सिगिस्मंडच्या स्तंभाचे भग्न खांब मात्र राजवाड्याशेजारी तसेच ठेविले आहेत. नगरीने आपली जखम झाकलेली नाही.

या नगरीत मराठी मनास ओळखीचे एक नावही भेटते : कोल्हापूर. महायुद्धात देशोधडीस लागलेल्या सुमारे ५,००० पोलिश लोकांना, त्यांत बहुतांशी स्त्रिया व मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळील वळिवडे येथे आश्रय मिळाला होता. त्याची कृतज्ञ स्मृती वॉर्सात स्मारकरूपाने जतन केली आहे. वळिवड्याच्या छावणीत त्या निर्वासितांनी शाळा चालविल्या आणि आपल्या मुलांस आपल्याच भाषेत धडे दिले.

मठात दडविलेले आराखडे आणि परमुलखात गिरविलेली ती अक्षरे, दोहोंचे मोल एकच. भिंती पाडता येतात. परंतु ज्यांनी आपले घर कागदावर आणि मुलांच्या मनात नीट उतरवून ठेविले, त्यांचे घर पुन्हा उभे राहू शकते. दूरदेशी संसार थाटलेल्या मराठी कुटुंबास वॉर्साची यात्रा याहून मोठे काय देणार?