बाजूपट्टी-वाहतुकीची वेगमर्यादा

द्रुतगती मार्गाच्या कडेला, धावत्या मार्गिकांपासून रेषेने वेगळी केलेली जी पक्की पट्टी असते, तिला बाजूपट्टी किंवा ‘हार्ड शोल्डर’ म्हणतात. बंद पडलेली वाहने उभी करणे व रुग्णवाहिकांना अपघातस्थळी जाता येणे, हे तिचे मूळ प्रयोजन होय. रस्ता रुंद न करता गर्दीच्या वेळी अधिक वाहने सामावून घेण्यासाठी काही देशांत ती तात्पुरती वाहतुकीस खुली करतात. तथापि त्यामुळे आपत्काळची राखीव जागा नाहीशी होते. ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी वेगमर्यादा कमी ठेवावी लागते.

मर्यादा ठरविताना प्रथम वाहन थांबण्यास लागणारे अंतर विचारात घेतात. प्रतिक्रियेत जाणाऱ्या काळातील अंतर वेगाच्या प्रमाणात, तर ब्रेक लावल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रतिक्रियाकाल २ सेकंद आणि ब्रेकमुळे वेगात दर सेकंदास ताशी सु. १२.२ किमी. घट धरल्यास, ताशी ११३ किमी. वेगाचे वाहन थांबण्यास सु. २०८ मी., तर ताशी ८० किमी. वेगाच्या वाहनास सु. ११७ मी. अंतर लागते. बाजूपट्टीची रुंदी, कठड्याचे सान्निध्य आणि वळणावर दिसणारे अंतर यांचाही विचार करावा लागतो.

लगतच्या मार्गिकांतील वेगांत मोठा फरक असणे धोक्याचे असते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात बाजूपट्टीवरून जाणाऱ्या बसगाड्यांना ताशी ५६ किमी.ची मर्यादा असून, शेजारच्या वाहतुकीपेक्षा ताशी २४ किमी.हून अधिक वेगाने जाण्यास त्यांना मनाई आहे.

वेग कमी केल्याने मार्गाची वाहनक्षमता त्याच प्रमाणात घटते असे नाही. दाट वाहतुकीत सर्व वाहने मध्यम व सारख्या वेगाने गेल्यास थांबण्याचे व पुन्हा निघण्याचे प्रसंग कमी होतात.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळील एम ४२ या मार्गाच्या सु. १७ किमी. लांबीवर सप्टेंबर २००६ मध्ये हा प्रयोग सुरू झाला. बाजूपट्टी खुली असताना तेथे प्रारंभी ताशी ८० किमी.ची मर्यादा होती. २००८ मध्ये ती ताशी ९७ किमी.पर्यंत वाढविण्यात आली. पट्टी खुली करण्यापूर्वी तीवर वाहन उभे नाही याची कॅमेऱ्यांद्वारे खात्री करीत, आणि ठराविक अंतरावर आपत्कालीन थांबे बांधलेले होते. जर्मनीत अशा वेळी सामान्यतः ताशी १०० किमी.ची मर्यादा असते.

पुढे इंग्लंडमध्ये काही मार्गांवर बाजूपट्टीचे कायमच्या मार्गिकेत रूपांतर झाले. २०१४ मध्ये एम २५ मार्गाच्या काही भागावर ही पद्धत सुरू झाली. धावत्या मार्गिकेत बंद पडलेल्या वाहनांवर इतर वाहने आदळून झालेल्या मृत्यूंमुळे तीवर तीव्र टीका झाली आणि एप्रिल २०२३ मध्ये शासनाने अशा नव्या मार्गांच्या योजना रद्द केल्या. उभ्या वाहनाचा वेग शून्य असल्याने मर्यादा ताशी ८० किमी. असली, तरी मागून येणाऱ्या वाहनाशी त्याच्या वेगाचा फरक तेवढाच राहतो. म्हणून वाहन बंद पडल्याचा त्वरित शोध, मार्गिका बंद करणारी लाल फुलीची खूण आणि जवळचे आपत्कालीन थांबे यांची जोड असेल, तरच कमी वेगमर्यादा परिणामकारक ठरते.